लेझीम फोडली कोणी?

(आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा. नावं बदललीत, शाळांची गाळलीत. सुप्रभातची फुलं आणि पार्किंगचा वाद मधून काढून टाकला. पार्किंगचं अजून मिटलेलं नाही. कंसातली टिपणी माझी.)

मंगळवार रात्र

डी-१२०३ डिसूझा अंकल: माने साहेब, क्लबहाऊसमध्ये काय चाललंय? सव्वानऊ वाजले. पोरं पाय आपटतायत ते बाराव्या मजल्यावर ऐकू येतंय.

सेक्रेटरी माने: अंकल, समूहगान स्पर्धेची प्रॅक्टिस आहे. शाळेच्या हॉलमध्ये परीक्षेची बाकं लावलीत, म्हणून या आठवड्यापुरतं क्लबहाऊस दिलंय. कमिटीत ठराव झालाय.

डिसूझा अंकल: रात्रीचा पण झालाय का ठराव?

सेक्रेटरी माने: ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आणि स्पीकर नाहीच, पेटी आणि ढोलकी आहे.

डिसूझा अंकल: त्याच नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल लिहिलंय. अर्धंच वाचता का? ढोलकी ५५ मध्ये बसते?

बी-५०४ कदम काका: (व्हिडिओ) आपल्या सोसायटीची गुणी बाळं!! खिडकीतून घेतलाय. शेवटचं कडवं बघाच!!

बी-२०३ शिंदे: काका एक नंबर

सी-१०४ गोखले आजी: गोड. ढोलकी जरा पुढे पळतेय.

(व्हिडिओत डाव्या कोपऱ्यात कदम काकांचा अंगठा आहे. पण शेवटचं कडवं खरंच बघण्यासारखं. पोरांच्या हातात काही नाही. मागची रांग जीभ टाळूला लावून ‘छक्’ करते, पुढची रांग मुठी छातीशी आणून झटक्यात उघडते आणि चौथ्या मात्रेला सगळी एकदम वाकून उजव्या पायाचा ठेका देतात. डोळे मिटले तर समोर लेझीमच चाललीय असं वाटावं. डिसूझा अंकलांनाही आवडलं असावं, कारण त्या रात्री त्यांनी पुढे काही लिहिलं नाही.)

शुक्रवार संध्याकाळ

बी-७०२ देशपांडे ताई: मला आज एक गोष्ट कळली आणि डोकं सणकलं आहे. स्पर्धेतल्या त्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या टीमने पण शेवटी बिनलेझीमची लेझीम घातली आहे. ‘छक्’ सकट. आमच्या सरांनी महिनाभर डोकं खपवून बसवलेली गोष्ट यांनी तीन दिवसांत उचलली. हा योगायोग म्हणायचा का?

बी-२०३ शिंदे: म्हणजे आपली लेझीम फुटली. पेपर फुटतो तशी

ए-३०१ साळवी: वहिनी, लेझीम काय कोणाच्या मालकीची आहे? अख्ख्या महाराष्ट्रात शाळेत शिकवतात.

देशपांडे ताई: लेझीम नाही हो भाऊ. लेझीम न घेता लेझीम. फरक कळतोय ना?

शिंदे: मी नाव घेत नाही पण आपल्या सोसायटीतली काही मुलं त्या शाळेत आहेत आणि आपल्या मुलांबरोबर एकाच क्लासला जातात

साळवी: शिंदे, सरळ बोला. माझी तन्वी आणि ताईंचा ओंकार एकाच गणिताच्या क्लासला आहेत. पण माझ्या मुलीवर चोरीचा आळ घ्यायचा नाही. चौदा वर्षांची पोर आहे ती.

शिंदे: मी कुठे नाव घेतलं

साळवी: आणि आमच्या शाळेला कोणाचं उचलायची गरज नाही. आमचा शो कॉयर आहे. माझ्या मेव्हणीची मुलगी अमेरिकेत इंडियानाला हायस्कूलमध्ये असते, त्यांच्याकडे हे जोरात चालतं. गाणं आणि नाच एकत्र, चमचमते कपडे, मध्येच कपडे बदलणं. नुसतं ओळीत उभं राहून माना डोलवायचे दिवस गेले आता.

डिसूझा अंकल: साळवी, अर्धवट सांगू नका. शो कॉयर तिकडे साठ-सत्तरच्या दशकात रुजला. इंडियाना, आयोवा, मिसिसिपी, असा बराच पसरलाय. पोरं पायऱ्यांच्या फळ्यांवर उभी राहतात, साथीला बहुतेक वेळा जिवंत वाद्यवृंद असतो आणि बऱ्याच स्पर्धांत गाण्याला नाचापेक्षा जास्त गुण असतात. आणि गाणं पोरं स्वतः गातात. तुमची पोरं गातायत ना?

(निळ्या खुणा झाल्या. साळवींचं उत्तर नाही. इथे मला पहिल्यांदा पाल चुकचुकली.)

शिंदे: बरोब्बर अंकल. मी ऐकलंय त्यांच्या ट्रॅकमध्येच आवाज भरलाय. पोरं नुसती ओठ हलवतात

साळवी: ऐकीव गोष्टी ग्रुपवर लिहू नका. सिद्ध करा.

देशपांडे ताई: नियमपत्रकात स्पष्ट आहे, ध्वनिमुद्रित आवाज चालणार नाही. आम्ही परीक्षकांना लेखी देऊ.

साळवी: द्या. आम्ही पण बरंच काही देऊ शकतो.

कदम काका: भांडू नका रे. सगळी आपलीच लेकरं. (व्हिडिओ: वाढत्या वयात गुडघ्यांची काळजी)

शुक्रवार रात्र

देशपांडे ताई: आजी एक विचारायचं होतं, कोणाला सांगू नका. ओंकारचा आवाज फाटतोय. सुरुवातीची ओळ त्याचीच आहे, वर जाताना किंचाळल्यासारखं होतं. सरांना कळलं तर त्याला काढून दुसरा घेतील म्हणून तो बोलत नाहीये. दोन आठवडे माझ्यापासून पण लपवलं त्याने. काही घरगुती उपाय आहे का

देशपांडे ताई: हा मेसेज डिलीट करण्यात आला

(तोवर ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी वाचला होता. कोणीच काही लिहिलं नाही. आमच्या ग्रुपच्या इतिहासात एवढी शांतता आजवर नव्हती.)

गोखले आजी: मी उत्तर इथेच देते, कारण वाचलंय सगळ्यांनी. न वाचल्याचं नाटक नको.
आवाज फुटणं हा आजार नाही. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या आसपास मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, गळ्याची घाटी दिसायला लागते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण थोडाच, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. मधल्या काळात मुलगा जुन्या सवयीने वरचा सूर लावायला जातो आणि गळा साथ देत नाही. तिथे सूर निसटतो.
व्हिएन्नाच्या मुलांच्या गायकवृंदात आवाज फुटला की मुलाला बाहेर पडावं लागतं. आपल्याकडे नाटक कंपन्यांमधल्या पोरांवर हीच वेळ यायची. सवाई गंधर्वांचा आवाज सुद्धा वयात येताना बिघडला होता. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत मेहनतीने त्यांनी तो परत घडवला. तेव्हा ओंकारने रडायचं कारण नाही.

शिंदे: आजी ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध चालेल का

गोखले आजी: द्या, घशाला बरं वाटतं. पण गिळलेली वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही, ती अन्ननलिकेत जाते. स्वरयंत्र असतं श्वासनलिकेच्या तोंडाशी. वाफ घेतली तर तिथवर पोचते. पाणी भरपूर प्यायचं. आणि ‘आराम’ म्हणून कुजबुजत बोलायला लावू नका, त्याने गळ्यावर उलट ताण येतो. बोललाच तर साध्या आवाजात बोलू दे.
सगळ्यात मुख्य म्हणजे ती वरची ओळ त्याच्याकडून ओरडून काढून घेऊ नका.

देशपांडे ताई: पण ओळ गेली तर तो टीममध्ये राहील का आजी?

डिसूझा अंकल: का नाही राहणार? वसईला आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये आवाज फुटलेल्या पोराला कोणी घरी पाठवत नाही. त्याला खालच्या ओळीत पाठवतात. वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस, अशा चार ओळी असतात. काल वर गाणारा पोर सहा महिन्यांनी खाली गातो आणि तिथे माणसं नेहमीच कमी असतात. मी स्वतः असाच टेनर झालो.

शिंदे: अंकल तुम्ही गाता?? आणि मंगळवारी तक्रार करत होतात

डिसूझा अंकल: गातो म्हणूनच कळतं ना ढोलकी पळतेय ते.

गोखले आजी: पेटीवरची काळी चार पट्टी आहे ना त्यांची? पांढरी चार करा. दीड स्वर खाली आलं की सगळीच पोरं मोकळी होतील. सुरुवात एखाद्या मुलीला द्या. ओंकारला शेवटच्या कडव्यात लेझीम चालू असताना खालून सा-प नुसता धरायला लावा. त्या ‘छक्’च्या खाली तो सूर लागला ना, तर थिएटर भरून जाईल. मी सरांशी बोलते. ते माझ्याच हाताखाली शिकलेत, ऐकतील.

देशपांडे ताई: आजी तुमचे उपकार कसे फेडू

देशपांडे ताई: ओंकार म्हणतोय ग्रुपवर माझ्याबद्दल बोलणं बंद करा

सेक्रेटरी माने: बरोबर आहे. विषय बंद. आणि सगळ्यांना विनंती, हे बाहेर कुठे फॉरवर्ड करू नका.

साळवी: माने साहेब, एक लिहू का?
तन्वीला ओंकारच्या आवाजाचं दोन आठवड्यांपूर्वीच माहीत होतं. त्यानेच तिला क्लासमधून येताना सांगितलं होतं. तिने मला नाही सांगितलं, तिच्या मॅडमना नाही, टीममधल्या एकाही मुलीला नाही. आत्ता ताईंचा मेसेज मी तिला दाखवला तेव्हा म्हणाली, मला माहीत होतं. आणि तुम्ही तिलाच चोर ठरवत होतात.

शिंदे: मग लेझीम कशी गेली

साळवी: मंगळवारचा कदम काकांचा व्हिडिओ मी आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. कौतुकानेच टाकला, ‘आमच्या सोसायटीत बघा काय चाललंय’ म्हणून. तिथून तो मॅडमपर्यंत गेला असणार.

(म्हणजे व्हिडिओ काढला कदम काकांनी, पाठवला साळवींनी, पोचवला कोणा तिसऱ्याने. तिघांनीही कौतुकाने. शिंदेंनी तन्वीबद्दल सॉरी म्हटलं का? नाही. त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.)

देशपांडे ताई: साळवी भाऊ, तन्वीला माझ्याकडे पाठवा उद्या. तिच्याशी बोलायचंय मला. रागावणार नाही.

कदम काका: मी काय केलं पण

शनिवार

साळवी: आमच्या प्रॅक्टिसला जाऊन आलो. काल अंकलांनी विचारलं ते डोक्यात राहिलं होतं. ट्रॅकमध्ये आवाज आहे. अगदी मोठा नाही, पोरांच्या आवाजाखाली भरलाय. मॅडम म्हणाल्या, नाचताना दम लागतो, सूर टिकत नाही, म्हणून आधाराला ठेवलाय.

गोखले आजी: दम लागणारच. उड्या मारताना मोठा आलाप कोण घेईल? उड्या वाद्यांच्या जागेत घाला आणि ओळ गाताना पोरांना जागेवर ठेवा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. एका दिवसात सगळं नाही होणार, पण दोन जागा तरी बदलता येतील. त्यांना सांगा, हवं तर मला फोन करा.

देशपांडे ताई: आजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात

गोखले आजी: सुराच्या.

साळवी: मी मॅडमना ट्रॅकचं आणि लेझीमचं, दोन्ही बोललो. लेझीम कुठून आली ते तन्वीने पण सांगितलं. मॅडम ‘बघू’ म्हणाल्या. त्यापुढे माझ्या हातात नाही.

शिंदे: बघू म्हणजे नाही

डिसूझा अंकल: दोन्ही टीमने केली लेझीम तरी काय बिघडतं? ऐकणाऱ्याला कळतं कोणाची घट्ट बसलीय.

देशपांडे ताई: आमच्या सरांनी पट्टी बदलली. आज सकाळी क्लबहाऊसमध्ये पहिल्यांदा खालचा सा लावला ओंकारने. माने साहेब दारात उभे होते, त्यांना विचारा.

सेक्रेटरी माने: मी वीजबिलाचं बघायला गेलो होतो. काम विसरून परत आलो.

(पहिल्या ओळीला आता सातवीतली एक बारकी मुलगी आहे. ती घाबरून फार जोरात गाते, असं आजींचं म्हणणं.)

सेक्रेटरी माने: उद्याची सूचना. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात मुलांनी ९ ला हजर राहायचं आहे. हार्बरवर मेगाब्लॉक आहे, त्यामुळे लोकलच्या भरवशावर राहू नका. गाड्या कोणाकोणाच्या आहेत?

साळवी: माझी सात सीटर आहे. मी, तन्वी, आणि पाच जागा. ओंकारला आणि त्या सातवीतल्या मुलीला घेतो. पाम बीचने जाऊ, ८.१५ ला गेटवर.

देशपांडे ताई: मी पण येते. ढोलकीवाल्या मुलाला घ्याल का? आणि पेटी आहे.

गोखले आजी: मलाही न्या. पेटी डिकीत उभी टाकू नका, भात्याला लागेल. मांडीवर घेईन मी.

साळवी: झाले पाच. गाडी फुल.

डिसूझा अंकल: माझी गाडी रिकामी आहे. मास आटोपून ९ पर्यंत थेट तिकडे येतो. मागच्या रांगेतली चार पोरं माझ्याकडे द्या, फक्त खाली चर्चच्या पार्किंगमध्ये शांत बसायचं.

शिंदे: अंकल, त्यांना गाडीत ‘छक्’ची प्रॅक्टिस करू द्या ना

डिसूझा अंकल: ५५ डेसिबलच्या आत.

कदम काका: मी पण येतोय. स्टेजच्या अगदी पुढची सीट धरतो, म्हणजे दोन्ही टीमचे व्हिडिओ नीट येतील!!

सेक्रेटरी माने यांनी ग्रुपचं सेटिंग बदललं. आता फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.