आईसाठी दुलई शिवायचीय, आत काय भरू? बजेट हजार रुपये

सेलूची_लेक
नमस्कार. माझी माय सत्तरीला आलीय, गुडघ्यांनी बेजार आहे. दिवाळी सरली की तिचे पाय रात्रभर गार पडतात. घरात पाच लुगड्यांची जुनी वाकळ आहे, पण ती आता तिला अंगावर पेलत नाही. कूस बदलायची तर आधी वाकळ ढकलावी लागते म्हणते. म्हणून यंदा हातानं एक हलकी, ऊबदार दुलई शिवायचं ठरवलंय. वरून तिचंच इरकली लुगडं, खालून मांजरपाट. माप ५ फूट बाय साडेसात फूट. अडलंय ते आतल्या भरणावर. गादीवाले कापूस म्हणायलेत, मैत्रीण फायबरची शीट म्हणतेय. सगळं मिळून हजार रुपये, ताणून बाराशे. घरात आमच्या रानातला पाच-सहा किलो कापूस पडून आहे, तो चालेल का तेही सांगा.

जालन्याची_वहिनी
डोळे झाकून फायबर घ्या. मी मागच्या हिवाळ्यात २०० जीएसएमची शीट आणली, १३० रुपये मीटर पडली. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम ते. तुमचं माप साडेतीन चौरस मीटर होतं, म्हणजे आतलं भरण जेमतेम ७०० ग्रॅम. मशीनमध्ये धुवा, दोन तासांत वाळते. फक्त आणल्या आणल्या शिवायला बसू नका. रात्रभर उलगडून ठेवा, घड्या मोडल्या पाहिजेत. माझ्या दोन्ही नणंदांनी माझी बघून तशीच केली.

देगलूरकर
फायबर म्हणजे पॉलिस्टर, म्हणजे प्लॅस्टिकच की. म्हाताऱ्या माणसाला घाम आला तर तो जिरणार कुठं? अंग ओलं होतं आणि पहाटे तेच गार पडतं. कापसाला पर्याय नाही. आमच्या घरी वडिलांच्या लग्नातली दुलई आहे, तीनदा पिंजून घेतली, अजून अंगावर आहे. तुमची शीट तीन वर्षांत पापड होते.

जालन्याची_वहिनी
तीन वर्षांत पापड होते ती हलकी शीट. चांगली घ्यावी.

लातूरकर_पुण्यात
मी गोधड्या शिवायचा छंद म्हणून चार वर्षं करतोय. दोघंही जुन्यात अडकला आहात. हल्ली खास गोधडीसाठी कापसाची दाबलेली शीट मिळते. हजारो सुयांनी तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात, त्यामुळे ती सुट्या कापसासारखी सरकत नाही आणि टाके आठ-आठ इंचांवर घातले तरी चालतात. मी तर बांबूची मागवली, डबल बेडला ३८०० लागले, पण हात लावून बघा, लोणी आहे लोणी. एक सांगतो, कापसाची शीट पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच आटते. वरचं कापड आधी भिजवून घेतलं नाही तर दोन्ही वेगवेगळं आटतं.

देगलूरकर
बांबूची म्हणजे बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेला व्हिस्कोसचा धागा असतो बहुतेक. बांबू नुसता नावाला.

लातूरकर_पुण्यात
असेल. पण मऊ आहे ना?

अंबाजोगाईची_मावशी
अगं लेकी, आधी नाव तरी नीट घे. लुगडं वरून घालून हातानं टाके घातले की ती वाकळ. आमच्यात दुलई म्हणजे कापूस भरलेली आणि तीही दुकानातून आणलेली. तू वाकळच शिव. धोतर घे दोन, जुनं सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. वर लुगडं, खाली लुगडं, मधे धोतरं. शेण-मातीनं सारवलेल्या जमिनीवर पसरायची, चार कोपऱ्यांवर चार वरवंटे ठेवायचे आणि कडेनं आत आत टाके घालत जायचं. कापूसही नको न् शीटही नको. नदीवर नेऊन धोपटली तरी काही होत नाही.

गंगाखेडची_ताई
मावशी, तिनं वरच लिहिलंय की वाकळ तिच्या आईला पेलत नाही. आणि टाके कडेनं आत नाही, मधून कडेला घालत जावेत. कडेनं सुरू केलं की कापड मधे गोळा होतं. आमची सासू मधे आधी कच्चे टाके घालून घ्यायची, मग पक्के.

अंबाजोगाईची_मावशी
तुमची सासू मधून घालत असेल. आमच्याकडं कडेनंच घालतात. चाळीस वाकळा शिवल्या या हातानं, एकीत चुणी दाखव.

सेलूची_लेक
मावशी, खरंच हात जोडते तुम्हाला, पण वजनाचीच अडचण आहे. आणि दादा, ३८०० मध्ये तर मी चार दुलया शिवीन.

बीडचं_गादीघर
माझी तिसरी पिढी या धंद्यात. नीट वाचा, दुकानात एवढं कुणी सांगत नाही.
तुमच्या मापाला सव्वा किलो पिंजलेली रुई पुरे. दीड किलोच्या वर गेलात की वजन पुन्हा अंगावर येणार. घरचा कापूस सरकीसकट आहे का? मग तीन किलोत एक किलो रुई निघते, बाकी सरकी. सरकी आत एक जरी राहिली तरी दाबली जाऊन तेलाचा पिवळा डाग वर येतो, शिवाय उंदीर तिच्या वासानं कापड कुरतडतात.
आता कुठला कापूस ते. भरणाला आखूड, जाड धाग्याचा देशी कापूस चांगला, दाबला तरी परत फुगतो. हल्लीचा बीटी लांब आणि तलम धाग्याचा, सुताला तो उत्तम, पण भरला की लवकर बसतो. त्यातून फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला असेल तर हातच लावू नका, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) आणि पाचोळा निवडता निवडता जीव जाईल. घरचा वापरू नका हे माझं सरळ मत. दुकानातून चांगली रुई घ्या.
रुई थेट लुगड्यात भरायची नाही. आधी पातळ मलमलीच्या थरात पसरायची, म्हणजे तंतू बाहेर येत नाहीत. टाक्यांच्या ओळी चार बोटांवर, त्याहून लांब नाही. सुटी रुई भरलेली दुलई धुवायची नाही. वरून खोळ घाला, खोळ धुवा. दुलईला महिन्यातून एकदा कडक ऊन द्या, दोन्ही बाजूंनी.

वसमतचा_शेतकरी
देशी कापूस आणायचा कुठून? आमच्या सगळ्या शिवारात देशीचं झाड दिसत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं देशीचे चांगले वाण काढलेत, पण बाजारात लांब धाग्यालाच भाव. पेरणार कोण? २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ होता आणि आमच्या दारात व्यापाऱ्यानं सात हजाराच्या आत मागितला. वेचणीचीच मजुरी किलोला दहा-बारा रुपये जाते. तुम्ही रुई विकता काय भावानं ते सांगा.

बीडचं_गादीघर
भाऊ, हा दुलईचा धागा आहे.

वसमतचा_शेतकरी
कापसाचा आहे, म्हणून विचारलं.

नांदेडची_टेलर
फायबरवाल्यांनी एक सांगितलं नाही. मी गिऱ्हाईकाच्या जुन्या लुगड्यात फायबर घालून दिली. दोन महिन्यांत सगळ्या लुगड्यावर पांढरी लव उभी राहिली, मांजराच्या केसांसारखी. जुनं लुगडं विरलेलं असतं, त्याच्या वीणीतून पॉलिस्टरचे तंतू वर येतात. ओढून काढले की मागून अजून येतात. पैसे परत द्यावे लागले मला. दुसरं, दोरा सुतीच वापरा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो खरा, पण जुन्या कापडाला तो कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड फाटलं की संपलं.

जालन्याची_वहिनी
माझं वरचं कापड नवीन कॉटन होतं, म्हणून नसेल आलं.

कळंबकर
रुई दुकानातून घ्यायची तर पेटवून घ्या. मला एका गादीवाल्यानं शुद्ध कापूस म्हणून अडीच किलो दिला. वर्षभरात दुलईचं पायाकडलं टोक गोळा होऊन दगड झालं, डोक्याकडं नुसतं कापड. उसवून पाहिलं तर आत गिरणीचा कचरा, होजिअरीच्या रंगीत कातरणी पिंजून मिसळलेल्या, मधे चमकणारे तंतू. चिमूटभर घेऊन पेटवा. कापूस कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरली तर मऊ राखाडी राख होते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा काळा टणक मणी राहतो. मी हे आधी केलं असतं तर माझे साडेपाचशे वाचले असते. अजून जीव जळतो आठवलं की.

लातूरकर_पुण्यात
कापूस कुणाचाही असो, धुता येणार नाही हे गादीघरवाल्यांनी मान्य केलंच आहे. धुता येणारं हवं असेल तर दाबलेली शीटच.

देगलूरकर
आमची दुलई पन्नास वर्षांत धुतली नाही. ऊन देतो.

गंगाखेडची_ताई
ठेवण्याचं कुणी सांगितलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, पावसाळ्यात आत ओल धरते आणि कुबट वास लागतो. जुन्या सुती चादरीत बांधायची, मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला.

अंबाजोगाईची_मावशी
पाल्यापेक्षा डांबरगोळ्या बऱ्या.

गंगाखेडची_ताई
त्या वासानं म्हाताऱ्या माणसाला डोकेदुखी होते, मावशी. आणि कसर लोकर खाते, कापसाला तिची एवढी भीती नाही. कापसाचा शत्रू ओल आणि उंदीर.

सेलूची_लेक
सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं सगळं. मी घरचाच कापूस भरणार आहे.
गादीघरवाले दादा, तुमचं खोटं नाही, बीटीच आहे तो. फरदडीचा मात्र नाही, दुसऱ्या वेचणीचा आहे. दोन वर्षांपूर्वी मायनं स्वतः वेचला. त्यानंतर तिचे गुडघे बसले, पुन्हा ती रानात गेली नाही. व्यापारी दारात आला तेव्हा तिनं एवढा एक गाठोडंभर बाजूला काढून ठेवला, कशाला ते सांगितलं नाही. आता मी दुलईचं बोलले तर म्हणाली, त्या गाठोड्यातला घे.
लवकर बसेल तर बसू दे. दोन वर्षांनी उसवून पुन्हा पिंजून आणीन.

बीडचं_गादीघर
मग सरकी काढायला कापूस जिनिंगच्या कारखान्यात देऊ नका, पाच-सहा किलोला कुणी मशीन चालू करत नाही. हातानं काढा. पिंजायला नेण्याआधी दोन दिवस कडक ऊन द्या. ओलसर कापूस पिंजला की गुठळ्या राहतात.

सेलूची_लेक
महिन्यानं लिहितेय. दुलई झाली.
चार किलो कापूस निवडला, बाकी पिवळा पडला होता. सरकी दोघींनी हातानं काढली, सतरा दिवस, दुपारचं जेवण झालं की बसायचो. वाती वळायची सवय असल्यानं मायची बोटं माझ्या दुप्पट चालायची. बोंड उकलून तंतू अंगठ्यानं मागं सारायची न् सरकी टिचकन ताटलीत पडायची. ताटली वाजली की पुढचं बोंड. रुई निघाली १ किलो ३०० ग्रॅम.
पिंजून आणली तेव्हा गोणी मावेना. मलमल विकत घेतली नाही, मायच्या दोन विरलेल्या सुती साड्यांमध्ये पसरली. मांजरपाट रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापलं. टाके मधून कडेला, चार बोटांवर, सुती दोऱ्यानं. (मावशी, रागावू नका.) एका कोपऱ्यात रुई जास्त पडली, तिथं सुई जाईना, तेवढं उसवून पुन्हा केलं. खर्च: मांजरपाट ३५०, पिंजाई ९०, दोरा ८०, खोळीचं कापड ४००. एकूण ९२०.
काल रात्री पहिल्यांदा पांघरली. सकाळी म्हणाली, पाय जाग्यावर आले.

कळंबकर
पिंजून कुठं आणली? आमच्याकडं पिंजणारे उरले नाहीत.

सेलूची_लेक
पाथरीला. बाजाराच्या दिवशी सकाळी लवकर जा, नंतर नंबर लागत नाही.

अंबाजोगाईची_मावशी
खोळीला बंद लावलेस की बटणं?