मारिओतल्या 'ड्रॅगन'चं नाव भातावरून पडलंय?

कार्ट्रिजफुंक्या:
परवा माळा आवरताना जुना टीव्ही गेम सापडला. रिमोटची वायर उंदरांनी खाल्लेली, पिवळी कार्ट्रिज मात्र शाबूत. मिरजेला मामाकडे सुट्टीत आम्ही पोरं मारिओ खेळायचो, तेव्हा पुलावर आग ओकणारा तो शेवटचा गडी आमच्यासाठी 'ड्रॅगन' होता. आता लेक म्हणतो, "बाबा, ते कासव आहे, बाउझर नाव त्याचं." आणि जपानात म्हणे त्याला कुप्पा म्हणतात. ही काय भानगड?

आमसुली:
कुप्पा हेच मूळ नाव. 1985 च्या जपानी 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तो 'दाईमाओ कुप्पा', म्हणजे महादैत्य कुप्पा. आता मजा ऐका. गुकबाप हा कोरियन पदार्थ, गरम सूपमध्ये घातलेला भात. जपानी तोंडात त्याचा झाला कुप्पा. गेमचे कर्ते मियामोतो, त्यांच्यासमोर आणखी दोन नावं होती, युक्के आणि बिबिंबा. तीही कोरियन ताटातलीच! आपल्याकडे खलनायकाचं नाव 'महादैत्य सारभात' ठेवण्यातला प्रकार.

बाउझर हे अमेरिकेतलं बारसं. इंग्रजीत ते कुत्र्याचं ठरलेलं नाव, आपल्या मोत्यासारखं. म्हणजे तिकडे सारभाताचा मोत्या झाला. कुप्पा शब्द मात्र त्यांनी फेकला नाही, 'कूपा' करून कासवांच्या अख्ख्या जमातीला लावला.

कार्ट्रिजफुंक्या:
मोत्या! लेकाला सांगितलं, तो रुसलाय. पण ताई, मुळात कासव का?

आमसुली:
मियामोतोंच्या डोक्यात बैल होता. तोएई या जपानी कार्टून कंपनीच्या 1960 च्या 'साइयुकी' या कार्टूनपटातला वृषभराज. त्यांचे सहकारी तेझुका म्हणाले, हा तर कासवासारखा दिसतोय. गेममध्ये कासवं होतीच, मग हा त्यांचा राजा. नंतर चित्रकार कोताबेंनी त्याला नीट घडवला, आणि ते स्वतः आधी तोएईतच होते.

लेकाचा रुसवा काढायला हे सांगा: 2019 मध्ये मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेचे अध्यक्ष झाले त्यांचं नाव डग बाउझर. खरं आडनाव.

लाइटगेली:
एक राहिलं. पहिले सात ड्रॅगन तोतये असतात. पुलाच्या टोकाला पूल पाडणारी कुऱ्हाड असते, तिला हात न लावता आगीच्या पाच गोळ्या घाला, तोतया मरताना खरं रूप दिसतं. 1-4 ला (पहिल्या जगाचा चौथा टप्पा) आळंबी उलटी होऊन खाली पडते, 2-4 ला हिरवं कासव, 6-4 ला तो पाण्यातला पांढरा माखूळ.

कार्ट्रिजफुंक्या:
अरे देवा. ती आळंबी मी पाहिलीये! कार्ट्रिज बिघडली म्हणून मामेभावाने काढून फुंकर मारली आणि सगळा गेम पहिल्यापासून. मग खरा फक्त 8-4 ला?

लाइटगेली:
फक्त 8-4 ला. तिथे चुकीच्या पाइपात शिरलात की गरगर फिरत बसायचं. आम्ही एकदाच पोचलो होतो. माझ्या आयडीवरून पुढचं समजून घ्या.