घरच्या घरी अभंग रेकॉर्ड करायला फुकट सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

काळीदोन

मंडळी, घरी अभंग आणि भजनं रेकॉर्ड करून मिक्स करायची आहेत. एक गाणारा, पेटी, तबला, शेवटी टाळ आणि मागे तीन जणांचा कोरस. विंडोज ११ चा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, एसएसडी. दोन इनपुटांचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) आहे, एक कंडेन्सर माइक आणि एक डायनॅमिक. तानपुरा मोबाइलच्या ॲपवर. सॉफ्टवेअरवर खर्च करायचा नाही आणि क्रॅक केलेलंही नको.

सध्या ऑडॅसिटी आहे. आधी पेटी घेतली आणि ती ऐकत वर गाणं घेतलं की आवाज लयीच्या किंचित मागे पडतो. गाताना अगदी बरोबर वाटतं, नंतर ऐकलं की घसरलेलं. हे सॉफ्टवेअर बदलून सुटेल का? सुटत असेल तर कोणतं घ्यावं? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

वायरचा_गुंता

आधी तुमचा आजार, मग सॉफ्टवेअर.

पेटीचा ट्रॅक कॉम्प्युटरमधून हेडफोनपर्यंत यायला थोडा वेळ लागतो. तुम्ही तो ऐकून गाता. तुमचा आवाज माइकपासून डिस्कपर्यंत जायला पुन्हा थोडा वेळ. या दोन्हींची बेरीज म्हणजे तुम्हाला दिसणारा उशीर. प्रत्येक सॉफ्टवेअर रेकॉर्ड झालेला ट्रॅक तेवढा आधीच्या बाजूला ओढून जागेवर बसवतं, पण किती ओढायचा ते त्याला ठाऊक असायला हवं. ऑडॅसिटीत हा आकडा मूळचा उणे १३० मिलिसेकंद ठेवलेला असतो. तो सगळ्यांसाठी एकच अंदाज आहे, तुमच्या मशीनला लागू पडेलच असं नाही.

मोजून घ्या. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ सेटिंग्ज, तिथे लेटन्सी कॉम्पेन्सेशन (हाच तो उशिराचा आकडा) शून्य करा. जनरेट मेनूतून ऱ्हिदम ट्रॅक तयार करा. हेडफोनचा एक कान माइकला चिकटवून दुसऱ्या ट्रॅकवर तो टिकटिकाट रेकॉर्ड करा. आता पुरतं झूम करून पहिल्या ट्रॅकची टिक आणि दुसऱ्याची टिक यांतलं अंतर पाहा. समजा ते १७२ मिलिसेकंद आलं, तर त्या रकान्यात -१७२ लिहा. पुन्हा एकदा रेकॉर्ड करून दोन्ही टिका एका रेषेत येतात का ते बघा. तीन वेळा मोजल्यावर दर वेळी आकडा वेगळाच आला, तर दोष ड्रायव्हरचा.

आणि ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर वरचं सगळं विसरा, आधी वायरवाला घ्या. ब्लूटूथचा उशीर मोठाही असतो आणि बदलताही असतो.

मात्र तुमच्या कामाला ऑडॅसिटी पुरणार नाही, याची कारणं वेगळी आहेत. विंडोजसाठीच्या ऑडॅसिटी ३ च्या तयार प्रतीत परवान्याच्या अडचणीमुळे आसियो ड्रायव्हर (इंटरफेसशी कमी उशिरात थेट बोलणारा) येत नाही, त्यामुळे उशीर कमी करायला मर्यादा पडते. गाणं चालू असताना इफेक्ट बदलत ऐकण्याची सोय ३.२ आवृत्तीपासून म्हणजे २०२२ मध्ये आली, पण सात-आठ ट्रॅकचा कोरस एका बसवर (अनेक ट्रॅकच्या सामायिक वाटेवर) घेऊन त्यावर एकच रिव्हर्ब (खोलीसारखी आस) लावणं अशी कामं तिथे अवघड जातात. एका ट्रॅकची साफसफाई, कापाकापी, जुन्या कॅसेटी उतरवणं यासाठी मात्र तिला तोड नाही. काढून टाकू नका.

माझं मत: वेव्हफॉर्म फ्री. ट्रॅक्शन कंपनीचं आहे. ट्रॅकच्या संख्येला मर्यादा नाही, बाहेरचे व्हीएसटी प्लगइन (वरून जोडायचे इफेक्ट) चालतात. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळतं, फक्त खातं उघडावं लागतं. पहिला आठवडा गोंधळायला होईल, कारण सगळं एकाच पडद्यावर असतं: डावीकडे इनपुट, मधे रेकॉर्डिंग, उजवीकडे त्या ट्रॅकचे प्लगइन. आवाज डावीकडून उजवीकडे वाहतो एवढं लक्षात ठेवलं की हात बसतो.

इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसियो ड्रायव्हर असेल तर तोच टाका. नसेल तरच आसियो-फॉर-ऑल. रेकॉर्ड करताना बफर (एका वेळी साठवून पुढे ढकलायचे सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) १२८ किंवा २५६ ठेवा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) २५६ म्हणजे एका दिशेला ५.३ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१.३. मिक्स करताना उलट बफर १०२४ करून टाका, तेव्हा उशिराशी देणंघेणं नसतं आणि प्रोसेसरला श्वास मिळतो. रेकॉर्डिंगमध्ये बारीक तडतड ऐकू आली तर बफर एक पायरी वाढवा, वायफाय बंद करा आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवून पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्स करा.

इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनला देणारं) बटण असेल तर गाताना ते चालू आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद. दोन्ही चालू राहिलं की स्वतःचाच आवाज दोनदा येतो आणि गाणारा वैतागतो.

---

खर्ज

गुंतारावांशी बराचसा सहमत, पण विंडोजच असेल तर केकवॉक सोनारची फुकट आवृत्ती आधी पाहावी. प्रत्येक ट्रॅकच्या पट्टीत इक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) आतच असतात, नवख्याला प्लगइन हुडकत बसावं लागत नाही. उशिराचा आकडा हातानं भरायची जागाही आहे: प्रेफरन्सेस, ऑडिओ, सिंक अँड कॅशिंग, तिथे मॅन्युअल ऑफसेट. बॅंडलॅबचं खातं लागतं आणि काही सोयी पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगला त्यावाचून अडत नाही.

एक सावधगिरी. केकवॉक १९८७ पासून आहे. २०१३ मध्ये गिब्सनने घेतलं, २०१७ मध्ये काम थांबवलं, २०१८ मध्ये बॅंडलॅबने घेऊन फुकट केलं, मग पुन्हा नाव बदलून सोनार. फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच असतं, आज आहे, उद्या मालक बदलतो. म्हणून प्रत्येक गाणं संपलं की सगळे ट्रॅक सुटे सुटे, इफेक्टशिवाय, २४ बिट वेव्ह फाइली करून ठेवायचे आणि प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू करायची. टाळ चौथ्या मिनिटाला येत असले तरी त्यांच्या फाइलीत आधी चार मिनिटांची शांतता हवी. मग ती पोतडी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ओतली तरी जुळून बसते. जागा फार लागत नाही: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी. सहा मिनिटांच्या अभंगाचे दहा ट्रॅक ५२० एमबीच्या आत.

आता कुणीतरी रीपर सुचवेल. उत्तम आहे, हलकं आहे, पण फुकट नाही. ६० दिवस वापरून पाहायला देतात. त्यानंतर बंद पडत नाही म्हणून फुकट समजू नये, परवाना ६० डॉलर भरायला सांगतो. मात्र त्यांचे रीप्लग्ज हे विंडोजचे प्लगइन खरोखर मोफत आहेत आणि वेव्हफॉर्ममध्ये किंवा सोनारमध्ये चालतात. त्यातलं रीफर सबट्रॅक्ट मोडवर ठेवून दोन-तीन सेकंद नुसता पंख्याचा आवाज ऐकवला की तो आवाज वजा करतं. जास्त ओढलं तर गाणं पाण्याखालून आल्यासारखं होतं, तेव्हा पंखा बंद करणं अधिक स्वस्त.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एलएमएमएस बीट बांधायला छान, पण माइकवरून रेकॉर्डिंग करत नाही, तेव्हा तुमच्या कामाचं नाही. गॅरेजबँड फक्त ॲपलवर. प्रो टूल्स इंट्रोत ऑडिओचे आठच ट्रॅक, कोरससकट भजन त्यात मावायचं नाही.

---

डग्गा

सॉफ्टवेअर निवडताना एक गोष्ट कुणी बोललं नाही: लय वाढते. भजन मिनिटाला ८४ ठोक्यांनी सुरू होतं आणि गजरात १२० च्या पुढे जातं. एकाच ठोक्याच्या क्लिकवर असं भजन मरतं. वेव्हफॉर्म आणि सोनार दोन्हींत टेम्पोचा वेगळा ट्रॅक असतो, तिथे धृपदाला ८४, तिसऱ्या कडव्याला ९० आणि गजराला चढती रेघ असं आखता येतं. ऑडॅसिटीत अख्ख्या गाण्याला एकच टेम्पो. हे एवढं कारणसुद्धा तिच्याबाहेर पडायला पुरे आहे.

किंवा क्लिक वापरूच नका. गाणं आणि पेटी एकदम, एकेका माइकवर, पायलट (नुसता आधाराचा ट्रॅक) म्हणून घ्या. ते ऐकत तबला घ्या. मग तबल्यावर पेटी पक्की, मग गळा, मग कोरस, टाळ सगळ्यात शेवटी. पायलट नंतर बंद करायचा, पुसायचा नाही.

सूर जुळवण्याचा क्रम पेटीपासून. पेटी आयत्या वेळी चढवता-उतरवता येत नाही आणि तिचा षड्ज ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशोबात अचूक बसेलच असं नाही. तानपुऱ्याचं ॲप सेंटमध्ये (अर्धस्वराचा शंभरावा भाग) हलवून पेटीला लावा, मग तबला हातोडीनं पेटीला लावा. उलटं केलंत तर मिक्समध्ये कुठलंही प्लगइन वाचवणार नाही.

माइक: तबल्याला दोन्ही वापरा. कंडेन्सर दायाँवर, चाटेच्या बाजूनं सहा-आठ इंच वरून, आणि डायनॅमिक डग्ग्यावर तेवढ्याच अंतरावर. फँटम ४८ व्होल्ट (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) दोन्ही इनपुटांना एकदम जात असेल तरी घाबरू नका, धड एक्सएलआर वायर असेल तर डायनॅमिक माइकला काही होत नाही. पेटीला कंडेन्सर वरून दीड-दोन फुटांवर, स्वरांकडे तोंड करून. भात्यासमोर ठेवलात तर दर सुरामागे फस्स फस्स येईल, फार जवळ आणलात तर पट्ट्यांची खटखट. टाळ माइकपासून पाच-सहा फूट लांब. त्यांचा पहिला टणत्कार मीटरच्या काट्यापेक्षा चपळ असतो.

लेव्हल: सर्वांत जोराचा आवाज -१२ ते -१० डीबीच्या आसपास. २४ बिटमध्ये त्याहून वर नेण्याचा काही फायदा नाही.

---

काळीदोन

सगळ्यांचे आभार. मोजून पाहिलं, उशीर १८० च्या घरात निघाला. वेव्हफॉर्म टाकलं, इंटरफेसचा ड्रायव्हरही टाकला. आता नवीनच: ऑडॅसिटीतली पेटीची फाइल वेव्हफॉर्ममध्ये आणली तर एका सेटिंगला सूर चढलेला येतो, वेगही जास्त. आणि मिक्सिंगसाठी फुकटचे कोणते प्लगइन पुरतील तेही सांगा.

---

वायरचा_गुंता

सॅम्पल रेट. पेटी ४४.१ ला घेतली आणि ४८ समजून वाजतेय. तेव्हा सूर सुमारे दीड अर्धस्वर चढतो, म्हणजे काळी दोनचं गाणं पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मधेच कुठेतरी लटकतं, वेगही नऊ टक्के वाढतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये, ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये आणि प्रोजेक्टमध्ये तिन्हीकडे एकच आकडा करा. व्हिडिओही करणार असाल तर ४८. जुन्या फाइली आणताना सॅम्पल रेट बदलून घ्या, पिच उतरवून जुळवू नका.

---

खर्ज

प्लगइनचा हव्यास नको. पाच पुरतात: टीडीआर नोव्हा (इक्यू, आणि गरजेपुरता डीएसर, म्हणजे स-श ची टोच कमी करणाराही, तोच), टीडीआर कोटेलनिकोव्ह (कॉम्प्रेसर), ओरिलरिव्हर (रिव्हर्ब), लाउडमॅक्स (लिमिटर, आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा), युलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती.

गळा: पुरुषाचा असेल तर ८० हर्ट्झखाली कापा, बाईचा असेल तर १०० ते १२० खाली. कॉम्प्रेसर लावण्याआधी वॉल्युमची रेघ हातानं ओढा, म्हणजे ट्रॅकचा आवाज जागोजाग हातानं कमी-जास्त करा. आपल्या गाण्यात आलापाचं शेपूट हळू होत जातं. कॉम्प्रेसर आधी लावला तर त्या शेपटामागचा श्वास आणि खोलीची घरघर वर येते. रेघ ओढून झाली की कॉम्प्रेसर ३:१, अटॅक (दाबायला लागायचा वेळ) २० मिलिसेकंद, सर्वांत जोरात ४ डीबीपेक्षा जास्त दाबायचं नाही. स, श टोचत असतील तर नोव्हाचा एक बँड ६ ते ८ किलोहर्ट्झवर.

पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात भांडतात. पेटीत ३०० च्या आसपास २-३ डीबी आणि २.५ किलोहर्ट्झच्या आसपास २ डीबी कमी करा, गळ्याला जागा होते. गळ्यात काही वाढवण्यापेक्षा हे बरं. डग्ग्याचा घुमारा ६० ते ९० हर्ट्झमध्ये असतो, त्याला कात्री लावायची ती फार तर ४० खाली.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा नको. एक वेगळा ट्रॅक करून त्यावर १.८ सेकंदांचा, प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीची उसंत) २५ मिलिसेकंद, त्याच्या पुढे २०० हर्ट्झखाली काप. सगळे तिथे पाठवा: गळा बरा, कोरस जास्त, डग्गा जवळजवळ नाही.

गळ्याचा सूर आपोआप दुरुस्त करणारी फुकट प्लगइनंही मिळतात. मींड आणि गमक ती चूक समजतात आणि पायऱ्या पाडतात. ओळ पुन्हा गा.

शेवटी लिमिटर -१ डीबीवर. यूट्यूब साधारण -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) वरचं गाणं खाली आणतं, म्हणून त्याहून फार जोरात करून टाळांची धार बोथट करण्यात अर्थ नाही.

---

डग्गा

मिक्सच्या आधी खोली. भिंतीला फोम चिकटवण्यापेक्षा गाणाऱ्याच्या *मागे* दोन जाड गोधड्या दोरीवर टांगा. माइकचं तोंड गाणाऱ्याकडे, म्हणजे त्याला गाणाऱ्यामागची भिंतच ऐकू जाते. कपड्यांचं उघडं कपाट मागे असेल तर तेही चालतं. माइक तोंडापासून एक वीत, किंचित तिरका, म्हणजे प आणि फ चे फटके बसत नाहीत.