चांदीचा जुना इंग्लिश चहाचा डबा: मधली अक्षरं नंतर कोरलेली आहेत का?

खणपेटी: लंबगोल डबा आहे, बिजागरीचं झाकण, पुढे कुलूप. तळाला चार ठसे: चालणारा सिंह, मुकुट घातलेला प्राण्याचा चेहरा, उजवीकडे बघणारं राजाचं डोकं आणि इंग्रजी लहान 'एन'. कारागिराचा ठसा पुसट आहे. शेजारी बारीक ओरखड्यांत '१२=४'. अंगावर फुलांच्या माळा, मध्ये ढालीच्या आकारात दोन अक्षरं. माळा मऊ पडल्यात, अक्षरं मात्र धारदार. सराफ म्हणतात बफिंग करून नवा करून देतो. करावं का?

ठसेवाचक: बफिंग अजिबात नको. मुकुट घातलेला चेहरा लंडनचा, त्यामुळे 'एन' म्हणजे मे १७८८ ते मे १७८९. राजाचं डोकं ही कर भरल्याची खूण. १७८४ ला ती आली तेव्हा डावीकडे बघणारी आणि खोलगट होती; १७८६ पासून उजवीकडे बघणारी, उठावाची झाली. म्हणजे अक्षराशी जुळतंय.

'१२=४' हे वजन: १२ ट्रॉय औंस ४ पेनीवेट, म्हणजे सुमारे ३७९ ग्रॅम. आज काट्यावर टाका. पाच-दहा ग्रॅम कमी भरलं तर दोनशे वर्षांच्या पुसण्याची झीज समजा. बरंच कमी असेल तर एखादा भाग काढलाय किंवा जुनी कोरणी घासून काढली आहे.

कोरणीवाला: माळा ज्या पद्धतीच्या आहेत तिला ब्राइट-कट म्हणतात. छिन्नीचं टोक आरशासारखं घासून, तिरकं धरून चांदीचा छोटा काप उडवायचा. प्रत्येक कापाला चकचकीत उतार येतो आणि दिवा हलवला की नक्षी लुकलुकते. ही चमक कापाच्या धारेवर टिकते, आणि बफचं चाक सगळ्यात आधी तीच धार गोल करतं. गेली की परत येत नाही. पुन्हा कोरायचं तर आणखी चांदी काढावी लागते.

अक्षरांसाठी दहापट भिंग घ्या, दिवा अगदी आडवा ठेवा. पृष्ठभागावरचे जुने ओरखडे कापाच्या कडेशी येऊन तुटतात की कडांवरून पुढे उतारावरही जातात ते पाहा. तुटत असतील तर ओरखडे आधीचे, कोरणी नंतरची. नुसत्या धारदारपणावर निकाल देऊ नका. उथळ माळा लवकर झिजतात, खोल अक्षरं टिकतात.

मग ढालीवर श्वास सोडा. वाफ उडताना घासलेला भाग किंवा झाळ कधीकधी वेगळी उठून दिसते. अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. तिथला पत्रा बाजूपेक्षा लवचीक लागला तर आधीची मुद्रा घासून नवी अक्षरं घातली असण्याची शक्यता मोठी. मालक बदलला की असं सर्रास व्हायचं.

खणपेटी: ओरखडे माळांवरून सरळ जातात, अक्षरांशी मात्र तुटतात. ढाल दाबल्यावर किंचित लवते. मग स्वच्छ कसा करू?

कोरणीवाला: म्हणजे अक्षरं नंतरची. तशीच राहू द्या. ती काढायला गेलात तर तिथे भोक पडेल.

ठसेवाचक: चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, बुडवायचं रसायन, यातलं काहीच नको. रसायनाने कापांतला काळसरपणाही धुऊन निघतो आणि नक्षी सपाट दिसते. शिवाय ते कुलपात शिरलं की आतलं लोखंड गंजतं. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, ओलसर सुती कापड, लगेच कोरडं पुसणं. एवढ्याने न निघालेल्या डागाला अगदी बारीक खडूची पूड डिस्टिल्ड पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने लावा, कोरणीपासून दूर, आणि डाग फिका झाला की थांबा.

ठेवताना वर्तमानपत्र, लोकर, रबरबँड नको. त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते, रबराची रेघ तर खोलवर उमटते. आम्लरहित कागदात गुंडाळून बंद पिशवीत, सोबत सिलिका जेल.

आणि झाकणाच्या आतून पाहा, तिथेही सहसा सिंहाचा ठसा असतो. नसेल तर बिजागरीजवळची झाळ भिंगाखाली तपासा.