ऑडिटच्या टूलमध्ये डोमेन ॲडमिन टाकू नका

खाडीकाठ (गुहागर)
काल इथे एकाने सल्ला दिला, "नेटवर्क ऑडिट ना? टूलमध्ये डोमेन ॲडमिनचा पासवर्ड टाका, अख्खी रेंज स्कॅन करा, यादी तयार." खाली भराभर अंगठे पडले, म्हणून लिहितोय. ऑडिट म्हणजे नेटवर्कवर काय काय जोडलंय त्याची यादी, आणि डोमेन ॲडमिन म्हणजे कंपनीच्या सगळ्या विंडोज मशीनवर हुकूम चालणारं खातं. स्कॅनर, म्हणजे हे टूल, रेंजमधल्या प्रत्येक आयपीवर (नेटवर्कवरच्या पत्त्यावर) तुमचं खातं लावून बघतो. पलीकडे प्रिंटर आहे की कुणी गुपचूप लावलेला लॅपटॉप, त्याला काय कळणार? एसएसएचला (दूरच्या मशीनमध्ये शिरायची पद्धत) पासवर्डने गेलात तर वाटेत एन्क्रिप्शन असतं, पण समोरच्या सर्व्हरच्या हाती पासवर्ड उघडाच पडतो. तो सर्व्हर खोटा निघाला की संपलं. ऑडिटला वेगळं खातं काढा. लिनक्सला की (पासवर्डऐवजी चावीची फाइल), स्विचला एसएनएमपी व्ही३ (उपकरणाची माहिती विचारायची सुरक्षित पद्धत), तेही फक्त वाचण्यापुरतं.

हापूसवाला (रत्नागिरी)
पुस्तकी गप्पा. विंडोजवर साधं खातं घेऊन डब्ल्यूएमआय (मशीनची माहिती दुरून काढायची सोय) चालवून दाखवा, 'ॲक्सेस डिनाइड' येतं. वर्कग्रुपच्या (डोमेनबाहेरच्या) मशीनवर आपण बनवलेलं लोकल ॲडमिन खातंसुद्धा यूएसी (विंडोजचं ॲडमिन हक्कांवरचं कुलूप) रिमोटवरून अडवतं. रजिस्ट्रीत लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी १ केल्याशिवाय पुढे जात नाही. मे महिन्यात कॅनिंगची लाइन रात्रंदिवस चालू असते, लेबल प्रिंटर अडला की सुपरवायझर डोक्यावर उभा, आणि आयटीला मी एकटा. मी खाती काढत बसू?

खाडीकाठ
ॲडमिन हक्क लागतात हे मी नाकारलंच नाही. *डोमेन* ॲडमिन लागत नाही, एवढंच म्हणणं आहे. एक सर्व्हिस खातं (माणसाचं नाही, टूलपुरतं) काढा, ग्रुप पॉलिसीने (डोमेनभर सेटिंग लावायची सोय) फक्त वर्कस्टेशनच्या लोकल ॲडमिनिस्ट्रेटर्समध्ये टाका. 'डिनाय लॉग ऑन लोकली' लावा, म्हणजे मशीनसमोर बसून त्याने शिरता येत नाही, रिमोट डेस्कटॉपही नाकारा. खातं फुटलं तरी डोमेन कंट्रोलर (सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर) वाचतो.

दर्यावर्दी (मालवण)
तुमचा डोमेन ऱ्हवांदे बाजूक. माका एक सांगा, पासवर्डच आपल्याकडे नसलो तर ऑडिट कसला करतलास? आमच्या हॉटेलचो फायरवॉल, पैसे आमचे, पासवर्ड मुंबयच्या व्हेंडरकडे. मागितल्यार म्हणता, इंजिनियर येतलो, व्हिजिट चार्ज पडतलो.

हापूसवाला
हा धागा व्हेंडरचा नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
व्हेंडरचाच आहे! २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा आमची सर्व्हरची रॅक बुडाली. वरच्या स्विचपर्यंत चिखल. सिरियल नंबरची स्टिकर धुऊन गेलेली, आणि विमावाल्यांना नंबर हवे. ऑडिटची यादी होती, ती त्याच बुडालेल्या सर्व्हरवर. नवा फायरवॉल आणला तर जुन्याचं कॉन्फिग (सगळी सेटिंग) फक्त व्हेंडरकडे, आणि तो फोन उचलेना. व्हीपीएन नाही, बिलिंग नाही. तुमच्या व्ही३ ने काय झालं असतं?

हापूसवाला
पूर सगळ्यांनीच पाहिलाय हो. प्रत्येक चर्चेत तो आणून समोरच्याला गप्प करू नका.

वाशिष्ठीकाठ
गप्प करत नाही. चिखल आम्ही हाताने उपसलाय, तुम्ही नाही. म्हणून सांगतोय: पासवर्ड आणि कॉन्फिग मालकाकडे राहील हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या, शेवटचा हप्ता त्यावर अडवा. यादीची एक प्रत गावाबाहेर ठेवा.

दर्यावर्दी
आता खरा बोललास. फॅक्टरी रिसेट मारूक गेलंय तर सगळी सेटिंगा जातली, सीझनात गिऱ्हाइकाक काय सांगू?

खाडीकाठ
रिसेट नको. आधी कॉन्फिगची बॅकअप फाइल लेखी मागा. आणि हापूसवाले, सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ चा आदेश वाचा. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे. स्कॅनर आणि माणूस एकाच ॲडमिन खात्याने फिरत असतील तर लॉगमध्ये कोण कुठे शिरलं हे कसं ओळखणार?

हापूसवाला
लॉगचा मुद्दा घेतो. बाकी तुमचा सूर पटला नाही. सर्व्हिस खातं काढेन, पण सीझन संपल्यावर. आणि आमचा जुना स्विच व्ही३ बोलतच नाही, त्याचं काय? फेकायला मालक तयार नाही.

खाडीकाठ
व्ही२ ठेवा, पण 'पब्लिक' ही आधीपासून असलेली कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डच म्हणा) आजच बदला. रीड-ओन्ली करा आणि एसीएलने (कुणाला आत घ्यायचं त्याची यादी) फक्त स्कॅनरच्या आयपीला परवानगी द्या. कम्युनिटी स्ट्रिंग वायरवरून उघडीच जाते, म्हणून दुसरीकडे वापरलेला पासवर्ड तिथे टाकू नका.

हापूसवाला
एसीएल माहीत आहे मला. टाकतो.

दर्यावर्दी
पर्चेस ऑर्डरचो मजकूर कोणाकडे तयार आसा काय? हंयच टाका, नवा बिल येवच्या आधी होयो.