परिपाठात रोज ‘आभार’, पण मुलं पाढे म्हटल्यासारखी म्हणतात. काय करू?

खाडीपलीकडची
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे. बहुतेक मुलं मासेमारीवर पोट असलेल्या घरांतली. यंदा परिपाठात रोज पाच मिनिटं ‘आज मी कोणाचे आभार मानतो’ सुरू केलं. सुरुवातीला मजा आली. आता एकेक उभं राहतं, ‘आईचे आभार, बाबांचे आभार, बाईंचे आभार’ म्हणतं आणि बसतं. परवा एकाने ‘फळ्याचे आभार’ मानले. वर्ग हसला, पण तेवढंच एक मनापासूनचं वाटलं. साधं काही सुचवा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज असेलच असं नाही, त्यामुळे व्हिडिओ-बिडिओ नकोत.

कुळथाची पिठी
आधी रोजचं बंद करा ताई. सोन्या ल्युबोमिर्स्की या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टींची यादी करणाऱ्यांना फरक जाणवला, तीनदा करणाऱ्यांना नाही. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, पण मुलं तर आपल्यापेक्षा लवकर कंटाळतात. शनिवारची सकाळची शाळा त्यासाठी उत्तम.

निवांत समुपदेशक
वरच्यांशी सहमत. त्यात भर घालतो. जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांचा २००८ चा अभ्यास पाहा. सहावी-सातवीच्या वयाची २२१ मुलं होती. त्यांतल्या काहींनी दोन आठवडे रोज चांगल्या गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी लिहिल्या, बाकीच्यांनी काहीच नाही. चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना शाळा जास्त आवडू लागली. तुम्हाला मात्र त्यांचं २०१४ चं काम जास्त उपयोगी पडेल, कारण ते ८ ते ११ वयाच्या मुलांवर आहे. तिथे ‘आभार माना’ असं सांगितलंच नाही, विचार करायला शिकवलं. समोरच्याने हे मुद्दाम माझ्यासाठी केलं का? त्याला त्यासाठी काय सोसावं लागलं? माझं त्यात काय भलं झालं?

हे तीन प्रश्न शाळेतल्या खिचडीला लावून बघा. एक दिवस मुलांना घमेलंभर तांदूळ निवडायला बसवा. खडे काढता काढता मान अवघडली की मग विचारा, मावशी हे रोज किती वेळ करत असतील? एवढा मोठा टोप घासायला किती पाणी लागतं, ते कुठून येतं? ‘मावशींचे आभार’ आणि ‘मावशी आमच्याआधी येऊन खडे काढतात म्हणून माझा दात वाचतो’ यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरं वाक्य मूल स्वतः म्हणेल, तुम्ही सुचवू नका.

आणि मुलांच्या देखत तुम्हीही कोणाचे तरी आभार माना, तेही असेच नेमके. मुलं आपलं ऐकतात त्यापेक्षा बघतात जास्त.

व्हय म्हाराजा
आमच्याकडे सिंधुदुर्गात मी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे तक्रार नव्हे, देवाला सगळ्यांनी मिळून मोठ्याने घातलेलं साकडं. एक मूल पुढे येतं, ‘बा देवा म्हाराजा, खिचडी रांधणाऱ्या मावशीच्या हाताक चटको लागाक नको रे म्हाराजा!’ की सगळा वर्ग, ‘व्हय म्हाराजा!’ छप्पर उडायचंच बाकी राहतं. जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत तीही ओरडतात. अट एकच, स्वतःसाठी काही मागायचं नाही आणि माणूस नेमका सांगायचा. ‘सगळ्यांना सुखी ठेव’ बाद.

माडाखाली
हे सगळं ठीक, पण एक सांगू? गरिबाच्या मुलाला आभार शिकवताना जपून. आमच्या शाळेत दरवर्षी मुंबईहून एक मंडळ वह्या वाटायला येतं. मुलांना उन्हात रांगेत उभं करायचं, वही हातात, मागे बॅनर, फोटो. मग एका मुलीने आभाराचं भाषण करायचं, तेही गुरुजींनी लिहून दिलेलं. ती सातवीतली पोर खाली मान घालून वाचत होती. याला मी कृतज्ञता म्हणत नाही, मिंधेपणा म्हणतो. गणवेश, पुस्तकं, खिचडी हा मुलांचा हक्क आहे. सरकारचे आभार मानायला लावू नका. रांधणाऱ्या बाईचे मानू देत, ती वेगळी गोष्ट.

आणि ज्या घरात बाप पिऊन मारतो, त्या पोराकडून ‘बाबांचे आभार’ वदवून घेऊ नये. कोणाचे मानायचे ते मुलाने ठरवावं. ‘आज कोणाचेच नाही’ हेही उत्तर चालवून घ्या.

निवांत समुपदेशक
माडाखाली, शंभर टक्के. उपकाराचं ओझं वाटणं आणि कृतज्ञ वाटणं या भावना संशोधकही वेगळ्या धरतात. ओझं वाटलं की माणूस देणाऱ्याला टाळायला बघतो.

तरीचा फेरा
पोस्टकार्डं! ५० पैशाला एक. आमची काही मुलं होडीने खाडी ओलांडून येतात. एकाने तरीवाल्याला लिहिलं, ‘काका, पावसात होडी काठाला लागत नाय तवा तुम्ही कमरेभर पाण्यात उतरता आणि आमाला उचलून ठेवता. माझं दप्तर एकदा पण भिजलं नाय.’ शुद्धलेखन मी तसंच ठेवलं, तुम्हीही ठेवा. काकांनी ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून होडीतल्या डब्यात ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मुलांना पत्ता लिहायला येतो हा वरचा फायदा. वस्तीच्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला आगाराच्या पत्त्यावर पाठवता येतं.

कुळथाची पिठी
तुमच्याकडे मासेमारीची घरं आहेत ना? १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या शाकारलेल्या, माणसं घरी जाळी दुरुस्त करत बसलेली. एखाद्याला वर्गात बोलवा. मुलांना जाळ्याची एक गाठ स्वतः मारू दे. भाषण नको. मग त्या तीन प्रश्नांना आपोआप उत्तरं येतील.

खाडीपलीकडची
सगळ्यांचे आभार (नेमके मानायचे तर माडाखाली यांचे जास्त, कारण माझ्या वर्गात तसं एक घर आहे आणि ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं). रोजचं बंद, शनिवारी गाऱ्हाणं, महिन्यातून एकदा पोस्टकार्ड. एका मुलीचे आजोबा जाळं घेऊन यायला तयार आहेत. गाऱ्हाण्याला पालकांपैकी कोणी हरकत घेईल का, आमच्याकडे मुस्लिम मुलंही आहेत?

व्हय म्हाराजा
रास्त शंका. ‘बा देवा’ काढून ‘ऐका हो ऐका’ ठेवा, आरोळी ‘होय होय होय!’ मुलांना ओरडायला मिळाल्याशी मतलब.

खाडीपलीकडची
जमेल. पोस्टकार्डं लहान पोस्टात एकगठ्ठा मिळतात का?

तरीचा फेरा
पोस्टमनला आठवडाभर आधी सांगून ठेवा, आणून देतो. सुटे पैसे मात्र तयार ठेवा.