विषय: लॅपटॉपवरच्या गाण्यातून गायिकेचा आवाज गायब – मिक्सर की केबल?

प्रेषक: नाट्यविभाग

सर्व सभासदांस नमस्कार,

शनिवारी रंगीत तालीम आहे आणि दुसऱ्या अंकाच्या आरंभीचे ध्वनिमुद्रित गाणे मिक्सरमधून अजूनही नीट वाजत नाही. लॅपटॉपला हेडफोन लावून ऐकले तर गाणे उत्तम ऐकू येते. मात्र केबलने तो मिक्सरच्या चौथ्या चॅनेलला जोडला की गायिकेचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, तबला कुठेतरी लांब गेल्यासारखा वाटतो आणि दोन्ही बाजूंची व्हायोलिने व एक पोकळ घुमारा तेवढा उरतो. तीन नंबरवरही तेच झाले. केबल कोरी आहे आणि दोन्ही टोकांच्या पिना घट्ट बसतात. मागच्या खेपेच्या वादात मला पुन्हा शिरायचे नाही, परंतु मिक्सर बिघडला असेल तर ते आजच कळावे, म्हणजे दुसऱ्याची व्यवस्था करता येईल.

प्रेषक: साहित्यव्यवस्था

ताई, मिक्सर बिघडलेला नाही, हे मी खात्रीने सांगतो. कविसंमेलनानंतर मी स्वतः सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, खाली करून, पुसून तो पेटीत ठेवला आणि तेव्हा सर्व चॅनेल चालू होते. माझी तक्रार वेगळी आहे. कोणत्या चॅनेलला काय जोडायचे ते मी फेडरखालच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ठेवले होते. ती पट्टी कोणीतरी काढून टाकली आहे आणि मिडचे, म्हणजे मधल्या स्वरपट्टीचे, सारे नॉब डावीकडे वळवून ठेवले आहेत. माणसाचा आवाज मिडमध्येच असतो, तेव्हा तो नाहीसा होणारच. हे नॉब जिथे बोटाला खाच लागते तिथे, म्हणजे मध्यावर आणावेत, आणि यापुढे मिक्सर पेटीबाहेर काढण्यापूर्वी मला एक ओळ कळवावी, ही विनंती.

प्रेषक: ध्वनिसाहाय्य

ताई, काका, नमस्कार.

मिडचे नॉब मध्यावर आणावेतच, पण दोष तिथे नाही. मिड पूर्ण खाली केला तर आवाज बोथट होतो, दबतो. व्हायोलिने शाबूत ठेवून नेमकी गायिकाच गाण्यातून उचलून नेल्यासारखी जात नाही. मधले जाते आणि कडेचे राहते, हे लक्षण केबलचे आहे.

ताई, केबलची जी जाड पिन मिक्सरमध्ये जाते तिच्याकडे पाहा. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतील, म्हणजे धातूचे तीन भाग झाले: टोक, मधले कडे आणि मागची नळी. लॅपटॉप टोकावर डावा आवाज पाठवतो, कड्यावर उजवा, आणि नळी दोघांची सामाईक असते. मिक्सरचे मोनो, म्हणजे एकाच सिग्नलचे, लाइन इनपुट मात्र बॅलन्स्ड आहे. टोकावर सरळ सिग्नल आणि कड्यावर तोच सिग्नल उलटा होऊन येणार असे ते गृहीत धरते आणि टोकावरून कड्यावरचे वजा करते. लांब केबलमध्ये वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच येते, त्यामुळे या वजाबाकीत ती उडून जाते. माइकच्या एक्सएलआर केबलमध्ये दुसरी आणि तिसरी पिन हेच काम करतात आणि पहिली पिन आवरणाची असते. आता तिथे लॅपटॉप जोडला की डाव्यातून उजवा वजा होतो. गायिका आणि तबला ध्वनिमुद्रणात मध्यभागी, म्हणजे दोन्हीकडे सारखेच ठेवलेले असल्यामुळे त्यांची बाकी शून्य येते, आणि जे एकाच बाजूला होते ते वाचते.

याची खात्री दोन मिनिटांत करता येते. आहे ती केबल तशीच ठेवून लॅपटॉपच्या ध्वनी सेटिंगमध्ये बॅलन्स पूर्ण डावीकडे न्यावा. वजा करायला उजवे काही उरणार नाही आणि गायिका परत येईल.

तालमीसाठी अशी केबल लागेल, जिच्या एका टोकाला लॅपटॉपची ३.५ मिमीची स्टिरिओ पिन असेल आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ मिमीच्या दोन मोनो पिना, म्हणजे एकच काळी रेघ असलेल्या. त्या दोन पिना पाच-सहा या स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या आणि उजव्या जॅकमध्ये जातील. आताची पिन त्या चॅनेलच्या डाव्या जॅकमध्ये घालून भागणार नाही, कारण तो जॅकही बॅलन्स्डच आहे.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

ध्वनिसाहाय्यकांचे निदान अगदी बरोबर आहे. आमच्या वेळी अशा प्रसंगी आम्ही पिन अर्धीच आत घालून वेळ मारून नेत असू. दुसरा मार्ग म्हणजे डावी आणि उजवी तार एकत्र पिळून एकाच मोनो पिनेला डाग द्यावा. काम पाच मिनिटांचे आहे आणि माझ्याकडे सोल्डरिंगची हत्यारे आहेत. एवढ्यासाठी नवीन केबल कशाला?

प्रेषक: ध्वनिसाहाय्य

> डावी आणि उजवी तार एकत्र पिळून

काका, आपला अनुभव माझ्याहून मोठा आहे, तरीही या दोन्ही गोष्टी करू नयेत असे मला कळकळीने वाटते. अर्धी घातलेली पिन चालते हे खरे, पण नाटकात कोणाचा पाय केबलला लागला की ती एक तर बाहेर येते किंवा पूर्ण आत जाते, आणि पूर्ण आत गेली की गायिका पुन्हा नाहीशी. तारा थेट पिळल्या तर लॅपटॉपमधले दोन ॲम्प्लिफायर एकमेकांवर ढकलाढकल करू लागतात, कारण दोघांच्या बाहेर येणाऱ्या सिग्नलमध्ये फरक असला की प्रत्येक जण दुसऱ्याचा भार ओढतो. त्याने आवाज फाटू शकतो आणि ते त्यांना मानवतही नाही. एकत्र करायचेच असेल तर प्रत्येक तारेत एकेक रेझिस्टर घालावा लागतो. मिक्सर हे काम आतल्या आत व्यवस्थित करतो. दोन आवाज एकमेकांना धक्का न लावता मिसळण्यासाठीच तर तो घेतला आहे.

हातासरशी पातळीबद्दलही लिहितो, कारण गेल्या तालमीत इथेही गोंधळ झाला होता. माइकमधून दोन-चार मिलिव्होल्ट येतात आणि लाइनचा सिग्नल व्होल्टच्या घरात असतो, म्हणजे शेकडो पटींचा फरक आहे. तेव्हा माइकचा गेन, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलची वाढ, लावून ठेवलेल्या चॅनेलला लॅपटॉप जोडण्यापूर्वी गेन पूर्ण खाली आणावा. लॅपटॉपचा आवाज तीन चतुर्थांश ठेवावा, फेडर खाली, मग पीएफएलचे, म्हणजे फेडरच्या आधीचा सिग्नल मीटरवर दाखवणारे, बटण दाबून गाण्यातला सर्वांत मोठा भाग वाजवावा आणि मीटर शून्याच्या आसपास येईपर्यंत गेन वाढवावा. त्यानंतर पीएफएल सोडून फेडर शून्याच्या खुणेपर्यंत न्यावा. लॅपटॉप बारीक ठेवून सगळी भर गेनवर टाकली तर गाण्याबरोबर खरखरही तितकीच मोठी होते.

एकदा प्रयोग सुरू झाला की गेनला हात लावू नये. रंगमंचावरच्या मॉनिटरला, म्हणजे कलाकारांसाठीच्या स्पीकरला, जाणारा ऑक्स, म्हणजे सिग्नलची वेगळी वाट, आपण फेडरच्या आधीचा ठेवला आहे, पण तो गेनच्या नंतरचाच आहे. सभागृहासाठी कोणी गेन वाढवला तर मॉनिटरही वाढतो आणि शिट्टी वाजते. कमी-जास्त फेडरवरच करावे.

प्रेषक: तबलासाथ

> प्रयोग सुरू झाला की गेनला हात लावू नये

पूर्ण सहमत. त्यात दोन बटणांची भर घालावी. माझ्या डग्ग्याच्या माइकवर प्रत्येक वेळी कोणीतरी लो-कट दाबून ठेवते. गायकाच्या माइकवर तो हवाच, कारण ८०-१०० हर्ट्झखालचा हात लागण्याचा आणि पावलांचा धडधडाट तो काढून टाकतो. पण डग्ग्याचा घुमारा तिथेच सुरू होतो आणि लो-कट दाबला की डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो. चिकटपट्टी पुन्हा लावाल तेव्हा माझ्या चॅनेलवर तेवढे लिहावे.

दुसरे बटण ४८ व्होल्टचे, जे केबलमधूनच माइकला वीज पुरवते. मागच्या वेळी फेडर वर असताना ते दाबले गेले आणि स्पीकरमधून असा धपका आला की पुढच्या रांगेतली लहान मुले दचकून रडू लागली.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

> दुसरे बटण ४८ व्होल्टचे

सोल्डरिंगचा आग्रह मी मागे घेतो. पिळलेल्या तारांबद्दलचा आक्षेप रास्त आहे.

या ४८ व्होल्टचा उगम मला नेहमी विलक्षण वाटतो. नॉयमन कंपनीने १९६६ साली नॉर्वेच्या रेडिओसाठी कंडेन्सर माइक, म्हणजे वीज लागणारा माइक, तयार केला, तेव्हा तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासून होता आणि तोच माइकला वापरला गेला. आपल्या छोट्या मिक्सरवर मात्र ते एकच बटण सर्व माइक-इनपुटांना मिळून आहे. वीज न लागणारे साधे डायनॅमिक माइक नीट एक्सएलआर केबलवर असतील तर त्यांना बाधा होत नाही, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर सारखाच दाब येतो. पण लॅपटॉप किंवा कीबोर्ड कोणत्याही ॲडॉप्टरने माइकच्या एक्सएलआर जॅकला जोडू नये. ४८ व्होल्ट उलटे त्याच्यात शिरतील. बटण दाबताना आणि सोडताना मुख्य फेडर खाली असावा आणि नंतर काही सेकंद थांबावे.

प्रेषक: साहित्यव्यवस्था

नवी चिकटपट्टी मी आजच लावतो. लो-कटची सूचना लिहीन. पाच-सहा हे चॅनेल मी कीबोर्डसाठी राखले होते, तेव्हा लॅपटॉपला सात-आठ द्यावेत.

प्रेषक: नाट्यविभाग

बॅलन्स डावीकडे नेताच गायिका परत आली. आज दोन मोनो पिनांची केबल मिळाली, सात-आठवर लावली आणि गाणे हेडफोनवर येते तसे पूर्ण आले. आता अडचण एकच आहे: लॅपटॉपचा चार्जर लावला की बारीक घूं असा आवाज येतो, आणि काढला की थांबतो. विद्युतव्यवस्थेतले एक सभासद चार्जरची अर्थची पिन तोडावी असे म्हणत आहेत.

प्रेषक: ध्वनिसाहाय्य

अर्थची पिन कृपया कोणीही तोडू नये. ती माणसाच्या जिवासाठी आहे. लॅपटॉप आणि मिक्सर दोन वाटांनी जमिनीला जोडले जातात आणि त्या फेऱ्यातून घरघर येते. चार्जर आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून पाहावे. तेवढ्याने थांबले नाही तर मधे स्टिरिओ डीआय बॉक्स लागेल, ज्यात ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे सिग्नल पुढे जातो पण जमिनीची वाट तुटते. त्याचे आउटपुट माइक पातळीचे आणि एक्सएलआर असते, म्हणून तो तीन आणि चारच्या माइक जॅकला जाईल आणि गेन नव्याने लावावा लागेल. माझा डीआय मी शनिवारी घेऊन येतो. तोपर्यंत बॅटरीवर चालवावे.

प्रेषक: साहित्यव्यवस्था

तीन आणि चारची पट्टी मग पेन्सिलीने लिहितो. शनिवारी मिक्सर चार वाजता पेटीतून काढू. ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू होईल आणि सर्वांत आधी बंद होईल, ते मी पाहीन.